रविवारची बैठक : खिशातली वही आणा
मंडळी, येत्या रविवारी सकाळी ७ ला मेहरूण तलावावर नेहमीच्या बाकांपाशी जमायचंय, उशीर नको, नंतर ऊन सोसत नाही.

यावेळी कविता-कथा नको. आठवडाभरात जे दिसलं, कानावर पडलं त्याच्या निदान ५ नोंदी आणा.

परवा भुसावळहून येताना गाडीत एक आजी मांडीवर भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन सुनेबद्दल असलं भारी वाक्य बोलली, म्हटलं घरी जाऊन लिहू, जळगाव येईस्तोवर वाक्य गायब, वांगी तेवढी आठवतायत! बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांच्या लेकाने, सोपानदेवांनी गाणी वेळच्या वेळी उतरवून घेतली म्हणून ती १९५२ ला छापून आली. आपल्याला काय धाड भरलीय?

- अहिराणी, लेवा बोली जशी ऐकली तशीच लिहा, सुधारू नका
- खरी नावं नकोत
- व्हॉइस नोट चालेल, पण कागदावर उतरवून आणा

चहाचे पैसे ज्याचे त्याने.