कागदाच्या आधी केबल हातात येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी इंदूरला १७ वर्षं नेटवर्किंगचं काम करतोय आणि दर उन्हाळ्यात रामबागेतले, लोकमान्य नगरातले ओळखीचे काका-काकू मला एकच विचारतात, मुलगा सीसीएनए (सिस्को कंपनीची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा) करायचं म्हणतोय, पैसे भरू का? भंवरकुआला जिकडे बघाल तिकडे क्लासच्या जाहिराती, त्यामुळे विचारणं साहजिक आहे. म्हणून हे पत्र.

गेल्या वर्षी सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात सकाळी सकाळी सगळं नेटवर्क बसलं, बिलिंग बंद, प्रिंटर बंद, भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या. आमच्याकडे नवीन लागलेला मुलगा आधी पोचला, सर्टिफिकेटवाला, हुशार, त्याने तासभर राउटरच्या सेटिंग तपासल्या, सर्व्हर रीस्टार्ट केला, फरक शून्य. मग आमचे केबलिंगवाले दादा आले, दहावी शिकलेले, त्यांनी रॅक उघडला तर स्विचचे, म्हणजे सगळ्या मशीनच्या केबल जिथे जोडतात त्या डब्याचे, सगळे दिवे एकदम, न थांबता फडफडत होते, लगेच म्हणाले लूप आहे, म्हणजे डेटा स्विचमध्ये नुसता गोल गोल फिरतोय. एकेक केबल काढत गेले, सातवी काढली आणि दिवे शांत. साफसफाई करताना कोणीतरी लोंबणारं टोक बघून ते त्याच स्विचमध्ये खोचून दिलं होतं! त्या मुलाला स्पॅनिंग ट्री तोंडपाठ, ते असतंच लूप थांबवायला, पण साध्या स्वस्त स्विचमध्ये ते नसतं आणि लूप झाल्यावर स्विच कसा दिसतो हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. दोष त्याचा नाही हो, त्याच्या क्लासमध्ये ४० मुलांत एक स्विच, तोही काचेच्या कपाटात.

म्हणून सर्टिफिकेट बेकार असं मात्र मी म्हणणार नाही. दादांनी लूप काढला पण तो परत होऊ नये म्हणून काय करायचं ते त्यांना सांगता आलं नाही. मी स्वतः ९ वर्षं बिनकागदाचं काम केलं, एका कंपनीने तर फॉर्ममधला सर्टिफिकेटचा रकाना रिकामा बघून इंटरव्ह्यूलाही बोलावलं नाही, तेव्हा फार लागलं मनाला. मग अभ्यासाला बसलो तेव्हा कळलं की सबनेट मास्क (पत्त्याचा कुठला भाग नेटवर्कचा ते सांगणारा आकडा) मी इतकी वर्षं दुसऱ्याचा बघून टाकत होतो, तोच का ते माहीतच नव्हतं. पण हात बसलेला होता म्हणून प्रत्येक धड्याला एखादं बंद पडलेलं ऑफिस आठवायचं आणि डोक्यात पक्कं बसायचं.

परीक्षा पण सगळ्या सारख्या नसतात, हे पालकांना कोणी सांगतच नाही. लिनक्स (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीच्या आरएचसीएसए परीक्षेत पर्याय निवडायचे नसतात, समोर मशीन असतं, काम करून दाखवायचं आणि रीबूट केल्यावरही ते टिकलं पाहिजे, एफएसटॅबमध्ये (मशीन सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या ती यादी) एक ओळ चुकली तर मशीन नीट चालूच होत नाही. सिस्कोच्याच सीसीआयई या वरच्या पातळीच्या परीक्षेची लॅब, म्हणजे प्रात्यक्षिक, ८ तासांची. असा कागद असेल त्याला माझा मान आहे. पण डम्प म्हणून परीक्षेतले चोरलेले प्रश्न विकले जातात, पोरं ते पाठ करून पास होतात याचा मला खरंच राग येतो, सीसीएनएची फी ३०० डॉलर आहे, वर टॅक्स, ३ वर्षांनी मुदत संपते, आणि हे पैसे आईबापाच्या पगारातले असतात.

तर काका-काकूंना मी सांगतो, आधी जेल रोडवरून जुना कॉम्प्युटर, जुना स्विच, क्रिम्पिंग टूल, केबल आणि मूठभर आरजे-४५ (केबलच्या टोकाला बसवायचे प्लग) आणा. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी या क्रमाने तारा लावून त्याला टोकं क्रिम्प करू द्या, म्हणजे प्लग दाबून बसवू द्या, पहिली दहा फुकट गेली तर जाऊ द्या. लिनक्स फुकट आहे, कॉम्प्युटरवरच खोटं नेटवर्क उभारून सराव करायचं सिस्कोचं पॅकेट ट्रेसर पण फुकट. घरातलं नेट मुद्दाम बंद पाडून चालू करू दे, १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला की डीएचसीपीने (मशीनना आपोआप पत्ता वाटणारी सोय) पत्ता दिलेला नाही हे त्याचं त्याला कळू दे. सहा महिन्यांनीही गोडी टिकली तर बिनधास्त फी भरा.

आणि सुपर कॉरिडॉर, क्रिस्टल आयटी पार्कमधल्या कंपन्यांना हात जोडून विनंती, इंटरव्ह्यूत अर्धा तास एक बिघडवलेलं मशीन समोर ठेवा, कागद असो वा नसो.

तो मुलगा आता रोज दादांच्या मागे बाइकवर बसून साइटवर जातो, आणि येताना दादा त्याला स्पॅनिंग ट्री विचारत असतात.

आपला,
एक नेटवर्क इंजिनीअर, रामबाग, इंदूर