ट्रॉलीआधी भिंत बघ

नाशिक,
दिवाळीनंतरचा पहिला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला स्वयंपाकघराचा नकाशा आणि ट्रॉलीवाल्याचं कोटेशन, दोन्ही नीट बघितलं. कोटेशन सध्या कपाटात ठेवून दे. त्यात शटरचे रंग आहेत, हँडल आहेत, सॉफ्ट क्लोज आहे. पण वहिनींना भर दुपारी दिवा लावून भाजी चिरावी लागते, त्यावर एका ओळीचाही इलाज नाही. तुझं स्वयंपाकघर ८ बाय १० आहे. ८० चौरस फूट म्हणजे काही लहान जागा नव्हे. उजेड अडलाय आणि वस्तू उलट्या क्रमाने बसल्यात, म्हणून ते लहान वाटतं. त्यावर नव्या ट्रॉल्या बसवल्या की हीच अडचण पुढची वीस वर्षं पक्की होईल.

सुरुवात बाल्कनीच्या भिंतीपासून कर. कॉलेज रोड घे, इंदिरानगर घे, नाशिकरोड घे, तुझ्यासारख्या जुन्या इमारतींत ही रचना खूप दिसते: स्वयंपाकघराच्या टोकाला धुण्याभांड्याची चार फुटी बाल्कनी, मध्ये एक दार आणि त्याला लागून खिडकी. मुळात तिथून चांगला उजेड यायचा. मग ग्रिल आली, पावसाची झड येते म्हणून पत्रा आला, वॉशिंग मशीन आलं आणि त्यावर रिकाम्या डब्यांची उतरंड चढली. तेव्हा पहिलं काम बिनतोडफोडीचं आहे: बाल्कनी रिकामी कर, पत्र्याच्या जागी पारदर्शक पॉलिकार्बोनेट घाल आणि आठवडाभर उजेड किती वाढतो ते बघ.

दुसरं काम तोडफोडीचं. पूर्ण भिंत पाडायची नाही. खिडकीखालची तीन-साडेतीन फूट उंचीची भिंत तेवढी काढायची. दार आणि खिडकी शेजारी असतील तर दोन्हींवरून बहुधा एकच लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी पट्टी, गेलेलं असतं. ते जसंच्या तसं राहतं आणि सहा-साडेसहा फुटांचं सलग तोंड मोकळं होतं. दोघांच्या मध्ये विटांचा खांब असेल आणि लिंटेल त्यावर टेकलं असेल, तर तो खांब तसाच ठेव. दोन मोकळी तोंडंही पुरेशी होतात. तिथे जाळीसकट सरकती काच बसव. एक गोष्ट मिस्त्री हमखास 'एकसारखं करून टाकू' म्हणतो, तिला नकार दे: बाल्कनीची फरशी आतल्यापेक्षा इंच-दीड इंच खाली असते, ती खालीच राहू दे. लेव्हल एक केली की पहिल्या मोठ्या पावसात पाणी थेट ट्रॉलीखाली.

हातोडा लागण्याआधी इमारत कशावर उभी आहे ते समजून घे. दाराच्या चौकटीपाशी आतल्या भिंतीची जाडी मोज. ती प्लास्टरसकट सहा इंचांच्या आसपास असेल, कोपऱ्यांत कॉलम आणि छताला बीम दिसत असतील, तर बहुधा सांगाडा आरसीसीचा, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटचा. आतल्या भिंतीही दहा इंची असतील आणि कॉलम कुठेच नसेल, तर लोड बेअरिंग समज. तिथे स्लॅबचं वजन भिंतीच पेलतात, आणि बाहेर काढलेली बाल्कनी अनेकदा वरच्या भिंतीच्या वजनानेच मागून दाबून धरलेली असते. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष येऊन बघितल्याशिवाय आणि सोसायटीची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक वीटही काढू नकोस. ओटा बाल्कनीत न्यायचा विचार तर सोडूनच दे. टोकाला वजन वाढलं की बाल्कनीचा स्लॅब मुळाशी, वरच्या अंगाने तडकतो, आणि तो तडा फरशीखाली असल्याने कोणाला दिसत नाही.

आता माळा. ओट्यावरचा दोन फुटी माळा खिडकीच्या वरच्या भागातून येणारा उजेड खातो, आणि खोलवर उजेड नेणारा भाग तोच असतो. कडप्प्याचा माळा असेल तर तो भिंतीच्या खाचेत नुसता बसवलेला असतो, अर्ध्या दिवसात निघतो. आरसीसीचा असेल तर सांभाळून. तो खिडकीच्या लिंटेलबरोबर एकत्र ओतलेला असतो आणि बाहेरच्या छज्ज्याला कधीकधी तोलूनही धरतो. इंजिनिअरला बाल्कनी दाखवशील तेव्हा हाही दाखव. त्याने हो म्हटलं तरच पुढे आलेला भाग कापायचा. कापलेल्या सळ्यांची टोकं आत घेऊन, त्यांना गंजरोधक लावून मगच प्लास्टर. नाही म्हटलं तर माळा राहू दे, खालून पांढरा रंग दे आणि खिडकीसमोरचा भाग सामानापासून मोकळा ठेव.

क्रमाचं बोलू. आज तुझा फ्रीज हॉलमध्ये, शेगडी दारापाशी आणि सिंक बाल्कनीच्या कोपऱ्यात आहे. म्हणजे फ्रीजमधून भाजी काढली की ती शेगडीवरून पुढे नेऊन धुवायची आणि चिरून परत मागे आणायची. सिंक हलवू नकोस, कारण सांडपाण्याचा उभा पाइप त्याच कोपऱ्यात आहे. समोरच्या भिंतीला नेलंस तर पाइपला उतार द्यायला फरशी उचलावी लागेल: फुटाला दोन सूत (पाव इंच) धरले तरी आठ फुटांना दोन इंच, वर पाइपची जाडी. त्यापेक्षा फ्रीज सिंकच्या समोर आण. खोली ९६ इंच रुंद. त्यातून ओट्याचे २४ आणि फ्रीजचे ३० गेले तरी मध्ये ४२ इंच उरतात. ट्रॉली ओढलेली असतानाही मागून माणूस जातो.

दहा फुटांचा ओटा बाल्कनीकडून असा वाट: सिंक आणि भांडी निथळायची जागा मिळून ३ फूट, चिरायला आणि लाटायला सलग ३ फूट, शेगडीला अडीच, आणि शेवटी दाराच्या बाजूला दीड फूट मोकळा. हा शेवटचा दीड फूट कोणालाही देऊ नकोस, पिण्याच्या पाण्यालासुद्धा नाही. उकळती आमटी उतरवून ठेवायला तीच जागा लागते, आणि ती नसली की कढईचा दांडा दारातून येणाऱ्याच्या वाटेत येतो. मिक्सर, ओव्हन आणि डबे समोरच्या भिंतीला, फ्रीजच्या पुढे, १६ इंच रुंदीच्या ओट्यावर. घरघंटी फरशीवरच ठेव, खाली रबराची मॅट घाल. ओट्यावर चढवली तर तिच्या थरथरीने दगडाचे सांधे सुटतात. हॉलकडचं दार आत उघडतं आणि अख्खा कोपरा खातं. पल्ला काढून टाक, किंवा बाहेरच्या बाजूने सरकता कर.

ओट्याची उंची मात्र कोटेशनवरून ठरवायची नसते. वहिनींना आणि काकूंना चपला न घालता सरळ उभं राहून कोपर काटकोनात वाकवायला सांग, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घे. त्यातून चार इंच वजा केले की चिरायची उंची मिळते. शेगडी ओट्यावर बसणारी असेल तर तिचीच चार-पाच इंच उंची वाढते, म्हणून तिथे सहा इंच वजा करावे. पाच फूट उंचीच्या बाईंना ३२ ते ३३ इंच सहसा जमतं. पण आकड्यावर विसंबू नकोस. बाल्कनीत ओट्याच्या उंचीपर्यंत विटांच्या दोन चवडी रचून त्यांवर प्लायचा तुकडा ठेव, आणि दोघींना त्यावर प्रत्येकी दहा पोळ्या लाटू दे. चौथ्या-पाचव्या पोळीला खांदे वर उचलले गेले तर ओटा उंच आहे. कमरेत वाक आला तर बुटका आहे. एक वीट किंवा फरशीचा तुकडा कमी-जास्त करून पुन्हा बघ. दोघींच्या मापात फरक निघाला तर जी जास्त वेळ उभी राहते तिचं माप धर, आणि दुसरीसाठी समोरचा ओटा वेगळ्या उंचीचा कर.

दगड. वर १८ मिलिमीटर ग्रॅनाइट, खाली कडप्प्याची आडवी फरशी आणि उभे कडप्पे. ग्रॅनाइटचं वजन चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास, म्हणजे तुझ्या ओट्याचा वरचा दगडच ९० किलो. सिंकचं तोंड कापल्यावर समोर जेमतेम तीन इंचांची पट्टी उरते, आणि उचलताना दगड तिथेच मोडतो. म्हणून कटिंग जागेवर आणून करायला सांग, कोपरे गोल ठेवायला सांग (काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो), आणि त्या पट्टीखाली कडप्पा पूर्ण टेकलेला आहे ना हे हात घालून बघ. जोड आलाच तर चिरायच्या भागात घे, सिंक-शेगडीपाशी नको. आणि एक खाच: पुढच्या कडेच्या खालच्या अंगाला, अर्धा इंच आत, कटरने एक सलग रेघ मारून घ्यायची. ओट्यावरून ओघळलेलं पाणी त्या रेघेपाशी थांबून खाली टपकतं. रेघ नसेल तर तेच पाणी दगडाच्या पोटाला चिकटून आत सरकतं आणि ट्रॉलीचं शटर वरून फुगायला लागतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही. काळाभोर ग्रॅनाइट घेऊ नकोस. तो उजेड पितो आणि वरच्या दिव्याची चकाकी डोळ्यात मारतो.

जुने लोखंडी पाइप सगळे काढ. आतून गंज धरून त्यांचं तोंड पेन्सिलीएवढं उरलेलं असतं, नवा नळ बसवला तरी धार बारीकच येते. सीपीव्हीसी, म्हणजे न गंजणारे प्लास्टिकचे पाइप टाक, आणि भिंत बुजवण्याआधी दाब देऊन एक रात्र ठेव. सिंकखालचा पाइप भिंतीतल्या तोंडात नुसता खोचू नकोस, रबर रिंगने बंद कर; झुरळं तिथूनच येतात. फरशी उखडलीस की वॉटरप्रूफिंग करून दोन इंच पाणी ४८ तास तुंबवून ठेव आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघून ये. सिंकखालच्या खणाला साधं प्लाय चालत नाही. आयएस ७१० चा शिक्का असलेलं, पाण्यात टिकणारं प्लाय घे, किंवा सरळ स्टीलची चौकट कर.

वायरिंगमध्ये काटकसर नको. जुन्या फ्लॅटमध्ये अख्खं स्वयंपाकघर एकाच बारीक वायरवर असतं. ओट्यावरच्या १६ अँपिअर सॉकेटना २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, ओव्हन किंवा गीझरला ४ ची, आणि बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. सॉकेट ओट्यापासून आठ-दहा इंच वर, सिंकपासून दोन फूट लांब, शेगडीच्या मागे एकही नाही. छताच्या मधोमध दिवा असला की तो नेहमी पाठीमागे येतो आणि चिरताना स्वतःचीच सावली विळीवर पडते. वरच्या कपाटांच्या खाली, पुढच्या कडेला, ४००० केल्विनची (ना फार पिवळी, ना फार निळसर) एलईडी पट्टी लाव.

चिमणीचा आवाका बघण्याआधी तिचा पाइप बघ. सहा इंची, जास्तीत जास्त दोन वळणं. प्रत्येक काटकोन ओढ कमी करतो. तुझी बाहेरची भिंत पश्चिमेला आहे, पावसाळी वारा त्याच बाजूने येतो, म्हणून बाहेरच्या तोंडाला खाली वळलेली टोपी हवी. सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असशील तर त्या शटरला तळाशी जाळी ठेव. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. पुढे पाइपचा गॅस घेतलास तर तो हलका, वर चढतो, तेव्हा वरचा झरोका बुजवलेला नसावा.

वेळ सात-आठ आठवडे धर. तोडफोड, मग नळ आणि वायर, वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, फरशी, ओटा, डॅडो (भिंतीवरच्या टाइल), आणि त्यानंतरच ट्रॉलीचं माप. डॅडोआधी माप दिलं तर टाइल आणि तिच्यामागचं सिमेंट मिळून इंचभर जागा खातात, आणि ट्रॉली आत जात नाही किंवा शटर घासतं. प्लास्टरला सात दिवस पाणी मार. आपल्याकडच्या डिसेंबरच्या थंडीत सिमेंट हळू धरतं, तेव्हा आणखी दोन-तीन दिवस थांबायची तयारी ठेव. राडारोडा अर्धा-पाऊण ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) निघेल. त्याची गाडी तोडफोडीच्या आधीच ठरव, नाहीतर गोण्या जिन्यात पडून राहतात आणि शेजाऱ्यांशी पहिली कुरबुर तिथून होते. तेवढे दिवस शेगडी हॉलच्या खिडकीपाशी लावा, आणि बाल्कनीतला नळ शेवटपर्यंत चालू राहील असं प्लंबरला आधीच बजावून ठेव.

आता मला एवढं पाठव: दाराच्या चौकटीपाशी मोजलेली भिंतीची जाडी, दार आणि खिडकी यांच्या मधल्या भागाचा समोरून फोटो, माळ्याचा खालून फोटो, आणि दोघींच्या कोपरांची मापं. ती आली की ओट्याचं रेखाटन मापासकट करून देतो, तेच मिस्त्रीच्या हातात दे.

वहिनींना आणि काकूंना नमस्कार. 

तुझा,
मित्र