गावी येताना पिशवीत एक पुस्तक असू द्या

समस्त ग्रामस्थ, चाकरमानी बंधू-भगिनी आणि माहेरवाशिणींना वाचनालयाचा सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची एसटीची आणि कोकण रेल्वेची आरक्षणं एव्हाना झाली असतील. बंद घरांची कुलपं उघडतील, ओट्या झाडल्या जातील, वाडीत पुन्हा माणसांचा आवाज येईल. दर वर्षी येताना तुम्ही गावातल्या मुलांसाठी खाऊ आणता. या वर्षी त्याच पिशवीत एक पुस्तक असावं, एवढीच विनंती करायला हे पत्र लिहीत आहोत.

गेल्या मे महिन्यात सातवीत जाणारा एक मुलगा ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ परत करायला आला आणि टेबलापाशी उभाच राहिला. “याची पुढची पानं कुठे आहेत?” आमच्या प्रतीची शेवटची पानं केव्हाच गळून गेली आहेत आणि दुसरी प्रत नाही. बाकावर बसलेल्या दोन मुलींनी मग त्याला शेवट सांगितला. एकीने एक सांगितला, दुसरीने निराळाच. दोघींनी तेच फाटकं पुस्तक वाचलं होतं आणि उरलेली गोष्ट आपापल्या मनाने पुरी केली होती. ऐकताना फार कौतुक वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त लाज वाटली. गोष्टीचा शेवट कळणं हा वाचणाऱ्या मुलाचा हक्क आहे आणि तो आम्ही त्याला देऊ शकलो नाही.

बालविभागाचं कपाट उघडलं की अडचण लगेच दिसते. खालच्या फळीवर चित्रांची, मोठ्या अक्षरांची पुस्तकं आहेत. वरच्या फळ्यांवर मोठ्यांच्या कादंबऱ्या, चरित्रं, पोथ्या. मधली फळी, म्हणजे पाचवी ते दहावीच्या मुलांची, जवळजवळ मोकळी आहे. वाचायची गोडी पक्की होते ती याच वयात, आणि सुटते तीही याच वयात. आठवीतल्या एका मुलीच्या नावापुढे रजिस्टरमध्ये ‘किशोर’चा एकच दिवाळी अंक तीनदा लिहिलेला आहे. विचारलं तर म्हणाली, “बाकीचं सगळं वाचून झालं.” शासनाच्या अनुदानातून ग्रंथपालांचं वेतन, वर्तमानपत्रं आणि वीजबिल भागवल्यावर मुलांच्या पुस्तकांसाठी हाताशी फार थोडं उरतं. म्हणून तुमच्याकडे आलो आहोत.

कोणती पुस्तकं आणू, असं बरेच जण विचारतात. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

‘श्यामची आई’च्या निदान पाच प्रती हव्या आहेत. साने गुरुजी आपल्याच दापोली तालुक्यातल्या पालगडचे. पुस्तक लिहिलं १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात, पण त्यातली माती इथली आहे. पोहायला जायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते, ते प्रकरण गेल्या वर्षी आम्ही वाचनालयाच्या पडवीत मोठ्याने वाचलं. समोर बसलेली निम्मी पोरं नुकतीच विहिरीवरून आली होती. केसांतून पाणी गळत होतं, एकाच्या कमरेला दोरीचे वळ होते. वाचून झाल्यावर त्याने विचारलं, “पालगड म्हणजे हे आपलं पालगड?” हो म्हटल्यावर तो पुस्तक घरी न्यायला मागू लागला. त्याच्याआधी चार जणांचे नंबर लागले होते. जूनमध्ये शाळा उघडली तरी त्याचा नंबर आला नव्हता.

थोड्या मोठ्या मुलांसाठी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ आणि लंपनच्या गोष्टींची पुढची पुस्तकं मिळाली तर फार आनंद होईल. लंपन आई-वडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा आहे. आपल्या गावात आई-बाबा मुंबईला आणि आपण आजीपाशी, अशी किती मुलं आहेत हे तुम्हाला सांगायला नको. त्यांच्या मनात जे चालतं आणि जे ती कुणाला सांगत नाहीत, ते त्या पानांवर आहे. ही पुस्तकं त्यांच्या हाती पडावीत असं मनापासून वाटतं.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. कपाटातल्या साहसाच्या गोष्टींत धावणारे, पडणारे, जिंकणारे बहुतेक मुलगेच आहेत. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ आमच्याकडे आहे, ‘चिंगी’ नाही. नॅशनल बुक ट्रस्टने काढलेलं ‘तोत्तोचान’ चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलं आहे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी जपानमधली शाळा आणि एका जागी न बसणारी ती मुलगी इथल्या मुलींना नक्की आपली वाटेल. पाचवी-सहावीच्या मुलांना ते मोठ्याने वाचून दाखवलं तरी चालतं.

नववी-दहावीची मुलं आता बालकथा हातात घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यांना व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ द्या, मारुती चितमपल्लींची रानावनाची पुस्तकं द्या, जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा द्या. महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं आत्मचरित्रही द्या. कर्वे इथल्या मुरुडचे. विद्यार्थी असताना ते परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिलं नाही. दहावीच्या निकालाची धास्ती घेऊन बसलेल्या मुलाला ती हकिगत कळायला हवी.

लहानग्यांसाठी विंदा करंदीकरांच्या बालकविता आणि माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं चालतील, पण तिथे तूर्त फार अडलेलं नाही. मोहल्ल्यातली मुलं उर्दू शाळेत शिकतात आणि संध्याकाळी इथेच येऊन बसतात. त्यांच्यासाठी कपाटात एकही गोष्टीचं पुस्तक नाही. मुंबईत भेंडीबाजार, मोहम्मद अली रोडकडे कुणाचं जाणं-येणं असेल तर उर्दू बालसाहित्य जरूर आणा. नॅशनल बुक ट्रस्टची उर्दू पुस्तकंही स्वस्त आणि सुबक असतात.

आता थोडं स्पष्ट लिहितो, राग मानू नये. मागे एकदा पुस्तकांची मोठी पेटी आली. मुलं गोळा झाली, दोरी कापली. आत जुनी गाइडं, अपेक्षित प्रश्नसंच, बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि कसर लागलेले अंक होते. देणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण मुलं काही न बोलता पांगली. इथली हवा दमट आहे. पावसाळ्यात भिंतीला लागलेल्या पुस्तकाला बुरशी धरते आणि एका वाळवी लागलेल्या पुस्तकाने अख्खी फळी जाते. म्हणून वापरलेलं पुस्तक खुशाल द्या, पण पानं पुरी आहेत ना, शिवण शाबूत आहे ना, हे एकदा बघून द्या. तुमच्या मुलाने आवडीने वाचलेलं एक पुस्तक आम्हाला त्या पेटीपेक्षा मोलाचं आहे. पहिल्या पानावर त्याने आपलं नाव आणि गोष्टीतलं काय आवडलं ते दोन ओळींत लिहिलं तर फारच छान.

ज्यांना पुस्तक आणणं जमणार नाही त्यांनी रोख किंवा ऑनलाइन देणगी द्यावी. खात्याचा तपशील वाचनालयाच्या फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लावला आहे. प्रत्येक रकमेची पावती मिळेल. देणगीतून घेतलेल्या पुस्तकांची यादी किमतीसह जूनमध्ये फलकावर लागेल. रक्कम किती असावी हे आम्ही सांगणार नाही. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सुभेदार मुलाला पुस्तक हवं असलं की लग्न झालेल्या मुलींकडून पैसे उसने घेत, नाही तर त्यांचा दागिना गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून आणत. एका पुस्तकाची किंमत आपल्या या मुलखातल्या माणसांनी तेव्हाच ओळखली होती.

आणखी दोन गोष्टींची गरज आहे. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. गावात नेटवर्क धड नसतं. कुणाकडे चालू स्थितीतला, वापरात नसलेला टॅब असेल तर त्यात ते अंक भरून द्यावेत. आणि ‘किशोर’ची एक वर्गणी कुणी आपल्या आई-वडिलांच्या नावाने भरली तर वर्षभर दर महिन्याला नवा अंक येत राहील.

ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी वेळ द्यावा. मेभर रोज संध्याकाळी पाच ते सहा पडवीत मोठ्याने वाचन असतं. निवृत्त शिक्षक, कॉलेजात जाणाऱ्या ताई-दादांनी आणि आजी-आजोबांनी एकेक दिवस वाटून घ्यावा. वाचायला येत नसेल तर आठवणीतली गोष्ट सांगा. गेल्या वर्षी एका आजींनी देवळाजवळच्या वडाची गोष्ट सांगितली, तेव्हा लाइट गेले तरी एक मूल उठलं नाही.

वाचनालय १ मेपासून शाळा सुरू होईपर्यंत सकाळी नऊ ते अकरा आणि संध्याकाळी चार ते सात उघडं राहील. पुस्तकं थेट ग्रंथपालांकडे द्यावीत. स्वतः येणं जमत नसेल तर येणाऱ्या शेजाऱ्याकडे द्या, किंवा एसटी पार्सलने दापोली डेपोवर पाठवा. कळवलंत की कुणीतरी जाऊन घेऊन येईल.

आणि कुणाच्या घरी ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’ची पुरी प्रत असेल, तर ती सगळ्यांच्या आधी द्या. तो मुलगा आता आठवीत जाईल. परवाच दारात येऊन विचारून गेला, “आलं का?”

आपले नम्र,
कार्यकारी मंडळ, ग्रंथपाल आणि बालविभागाचे सर्व वाचक