खटक्याचं काम बदललंय, बाबा

ती. बाबा आणि ती. आईस सा. न. वि. वि.

बाबा, शनिवारी तुम्ही सोमेश्वरला गेलात तेव्हा मी गाडीचं बॉनेट उघडलं होतं. आईला माहीत होतं, पण तिला काही बोलू नका, तिला मीच गप्प बसवलं होतं. रेडिएटरच्या पंख्याच्या खटक्याला हात लावलाय. काढलेला नाही. स्टिअरिंगखाली जागच्या जागी आहे आणि पूर्वीसारखाच वाजतो. त्याचं काम तेवढं बदललंय. रागावून झालं असेल तर पुढे वाचा, नसेल तर आधी चहा घ्या. साखर अर्धाच चमचा.

तुम्ही खटका लावायला विसरता म्हणून हे केलं असं मनात आणू नका. द्वारका चौकात पुढे रिक्षा, मागे एसटी, त्यात तापमानाच्या काट्यावर नजर ठेवून वेळेवर खटका दाबायचा, हे माझ्याच्यानेही व्हायचं नाही. खरं कारण निराळं आहे. पंख्याचा सगळा करंट त्या इवल्याशा खटक्यातून जात होता. लहान गाडीचा पंखा फिरताना सात-आठ अँपिअर घेतो आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या दुप्पट-तिप्पट. मागची बाजू मी सोडवली तेव्हा प्लास्टिक पिवळं पडून मऊ झालेलं होतं, वायरचं आवरण कडक होऊन तडकलेलं. ज्याने बसवला त्याने तेव्हाची वेळ निभावली, त्याला नावं ठेवत नाही. पण हे तुमच्या गुडघ्याच्या वर चार बोटांवर जळत होतं, आणि ते बघून मला गप्प बसवलं नाही.

आता काय केलंय ते नीट लिहिते. हा कागद ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. उद्या कोणी इलेक्ट्रिशियन बघायला आला तर त्याच्या हातात हाच द्या, म्हणजे तो अंदाजाने वायरी तोडणार नाही.

वरच्या होज पाइपमध्ये एक अॅल्युमिनियमचा तुकडा बसवलाय, दोन्ही बाजूंना क्लिपा. त्यात थर्मो स्विच आहे: पाणी ९२ अंशांना गेलं की जोडतो, ८७ ला उतरलं की सोडतो. हे आकडे उगाच निवडलेले नाहीत. आपल्या इंजिनातला थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडे पाणी सोडणारा वॉल्व्ह, ८२ ला उघडतो. स्विचचा बंद होण्याचा आकडा त्याच्याही खाली असता, तर पंखा कधी थांबलाच नसता, कारण थर्मोस्टॅट पाणी तेवढं थंड होऊच देत नाही. आणि कोणी म्हणेल, ‘काका, तो वॉल्व्हच काढून टाकू, गाडी थंड राहील’, तर त्याला गोड बोलून वाटेला लावा. इंजिन थंड राहिलं की पेट्रोल जास्त जातं आणि आतली झीजही वाढते.

बसवण्याआधी स्विच तपासला. आई, तुझं चहाचं पातेलं नाही वापरलं, माळ्यावरचा जुना डबा घेतला. पाण्यात थर्मामीटर, स्विचचं फक्त पितळी टोक बुडवलेलं, मल्टिमीटर लावलेला. तळाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर डब्याचं तापमान कळतं, पाण्याचं नाही. गंमत सांगते: नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९८ च्या आसपासच उकळतं. ९२ चा स्विच डब्यात तपासता येतो, पण १०० च्या वरचा घेतला असता तर तो घरी कितीही उकळला तरी जोडला नसता आणि आपण चांगला स्विच खराब म्हणून परत केला असता.

वायरिंग असं. मधे चार पायांचा रिले आहे, ३० अँपिअरचा. पाय क्रमांक ३० ला बॅटरीची पॉझिटिव्ह वायर, तिच्यावर बॅटरीपासून वीतभर अंतरावर २० अँपिअरचा फ्यूज. पाय क्रमांक ८७ वरून पंख्याला. या दोन्ही आणि पंख्याची अर्थची, म्हणजे बॉडीला जाणारी, वायर अडीच स्क्वेअर एमएमच्या. ८६ ला किल्ली चालू केल्यावर येणारा करंट, त्याला वेगळा छोटा फ्यूज. ८५ वरून वायर थर्मो स्विचच्या एका पायाला, आणि स्विचचा दुसरा पाय बॉडीला. ही वायर एक स्क्वेअर एमएमची पुरते, कारण रिलेची कॉइल पाव अँपिअरही घेत नाही. म्हणजे स्विचने नुसती खूण करायची, ओझं रिलेने उचलायचं. हाच करंट थेट स्विचमधून नेला की आतले पॉइंट ठिणग्यांनी जळतात किंवा चिकटून बसतात.

स्विच मुद्दाम दोन पायांचा घेतलाय. एका पायाचा स्वस्त मिळतो, पण तो आपल्या आट्यांमधून अर्थ घेतो. आपला तुकडा दोन्हीकडून रबरी होजमध्ये अडकलेला, त्याला अर्थ मिळणार कुठून? अर्थसाठी बॉडीवरचा रंग चमकेपर्यंत घासलाय आणि बोल्ट आवळून वरून ग्रीस लावलंय. सांधे थिंबल दाबून केलेत, वर हीट श्रिंक स्लीव्ह. पिळून टेप गुंडाळलेला सांधा एप्रिलच्या उन्हात इंजिनशेजारी किती दिवस टिकणार? टेपचा गोंद सुटतो आणि वायर उघडी पडते. रिलेचे पाय खाली तोंड करून आहेत, पावसाचं पाणी साचू नये म्हणून.

आता तुमचा खटका. तो थर्मो स्विचला समांतर जोडलाय, म्हणजे ८५ ची वायर तोही बॉडीला टेकवू शकतो. दाबलात की पंखा फिरणारच. न दाबलात तरी ९२ ला आपोआप फिरणार. खटका पंखा चालू करू शकतो, पण स्विचने चालू केलेला बंद करू शकत नाही. आणि चालू राहून गेला तरी किल्ली काढली की सगळं बंद, बॅटरी उतरायची नाही. शेजारी हिरवा दिवा लावलाय, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही सहज दिसेल असा. तो लागला म्हणजे रिलेने पंख्याकडे करंट सोडला. पंखा खरंच फिरतोय की नाही ते मात्र कानांनीच ऐकायचं.

काय चालेल आणि काय नाही, ते लक्षात ठेवा. मुंबईच्या रस्त्याला साठच्या वेगाने जाताना पंखा फिरलाच नाही तर घाबरू नका, समोरचा वारा पुरतो. मुंबई नाक्यावर अडकलात की काही मिनिटांनी फिरेल, थोडा वेळ चालून थांबेल, पुन्हा फिरेल. तसंच हवं. खटका बंद असूनही गार इंजिन चालू केल्या केल्या फिरायला लागला तर स्विच चिकटलाय किंवा त्याची वायर कुठेतरी बॉडीला घासतेय.

काटा चढतोय आणि हिरवा दिवा लागत नाही, तर आधी खटका दाबा. फिरला तर स्विचकडचा दोष, खटक्यावर घरी या. तरीही फिरला नाही तर बॅटरीजवळचा फ्यूज बघा. जळलेला असेल तर २० चाच घाला, ३० चा नाही, आणि सुपारीच्या पुडीची चांदी तर मुळीच नाही. बाबा, मला माहितीये. पुन्हा जळला तर मोटर जाम झालीये किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. फ्यूज ठीक आणि तरी शांत, तर स्विचचा कनेक्टर काढून त्याच्या दोन टोकांत आईचा केसांचा आकडा घाला आणि किल्ली चालू करा. रिले टक् करायला हवा. नाही केलं तर रिले तरी गेला किंवा किल्लीकडून करंट येत नाही. जादा रिले, दोन फ्यूज आणि एक आकडा कागदाच्या पुडीत बांधून ठेवलेत. आकडा काढून घेऊ नकोस, आई.

कूलंट बदललंय: निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी घालायचं नाही. त्याचा क्षार स्विचच्या टोकावर बसतो आणि मग स्विचला उष्णता उशिरा कळते. होजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तरी तेच होतं: पाणी उकळतंय आणि स्विच मात्र हवेत बसलाय. म्हणून मी थंड गाडीत कॅप उघडी ठेवून, हीटर पूर्ण गरमवर करून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवलं. पुढे कधी होज निघाला तर हे पुन्हा करायला सांगा. उरलेला कॅन जिन्याखाली, कुलपात आहे. तो चवीला गोडसर आणि विषारी असतो, आईच्या मांजरांपासून लांबच बरा.

आणि गरम गाडीची कॅप कोणीही उघडायची नाही. बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा तास सावलीत बसा. वणीच्या वेळचं पुन्हा नको. तेव्हा मी मागच्या सीटवरून तुमचा हात बघत होते, आणि ‘काही नाही झालं गं’ म्हणत तुम्ही मला लिमलेटची गोळी दिली होतीत.

रविवारी सप्तशृंगी गडावर जाणार आहात ना? नांदुरीचा घाट दुसऱ्या गिअरवर चढवा. वर पोचल्यावर लगेच किल्ली काढू नका, पंखा थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा, कारण किल्ली काढली की पंखाही थांबतो. आईची कमरेची उशी मागच्या सीटवर ठेवली आहे, पाण्याच्या दोन बाटल्या नेहमीच्या जागी. बीपीची गोळी निघण्याआधी घ्या, गडावर पोचल्यावर नको.

सवयीने हात खटक्याकडे गेला तर दाबा खुशाल. आता काही बिघडत नाही.

तुमची,
मनी