१९७ वरील ताईंना आभारपत्र

सन्माननीय महोदया,

मुंबईत १९७ हा क्रमांक फिरवला की दूरध्वनी चौकशीसाठी आपण किंवा आपली एखादी सहकारी बोलत असे. नाव विचारण्याची रीत नसल्यामुळे आपले आभार समक्ष मानता आले नाहीत, म्हणून हे खुले पत्र.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका रात्री वडिलांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि पार्ल्याला नुकतेच राहायला गेलेल्या काकांचा नवा क्रमांक आमच्यापाशी नव्हता. त्यांचे नाव आपल्याला यादीत सापडले नाही. ‘नोंद नाही’ एवढे सांगून आपल्याला फोन ठेवता आला असता, परंतु आपण विचारलेत, “घर स्वतःचे आहे की भाड्याचे?” तेव्हा मला घरमालकांचे आडनाव आठवले, वाघ. फोनच्या जोडणीसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे, त्यामुळे माणसे बदलली तरी फोन जुन्याच नावावर राही, हे आपल्याला पुरते ठाऊक होते. डिरेक्टरी इंग्रजीत असल्याने वाघ ‘व्ही’खाली असतील की ‘डब्ल्यू’खाली, हा पुढचा प्रश्न होता. आपण दोन्हीकडे पाहिलेत, त्यांतून पार्ल्याचा पत्ता निवडलात, क्रमांक सावकाश सांगून माझ्याकडून परत म्हणवून घेतलात आणि लागला नाही तर १९८ वर तक्रार नोंदवा, असेही सुचवलेत. काका तासाभरात आले.

१९९५ मध्ये देशात मोबाइल आला आणि त्याचे क्रमांक कोणत्याच सार्वजनिक यादीत आले नाहीत. (ते यावेत असे माझेही म्हणणे नाही; अनोळखी फोनांचा जाच, विशेषतः स्त्रियांना, काही कमी नाही.) घरोघरचे लँडलाइन जसजसे निघाले, तसतसे आपल्या यादीतली माणसेही कमी होत गेली. पुढे २०२० च्या जानेवारीअखेर महानगर टेलिफोन निगमच्या मुंबई आणि दिल्लीतील सुमारे १४ हजार कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यांत आपणही असाल, किंवा त्याआधीच निवृत्त झाला असाल.

आता क्रमांक शोधण्याची साधने पुष्कळ आहेत, पण माझी माहिती अपुरी असेल तर ती पुरी करून घेण्यासाठी उलट प्रश्न विचारणारे मला तरी त्यांत कोणी भेटलेले नाही. आपण विचारलेत, याबद्दल आमच्या सर्व कुटुंबातर्फे मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
दादरचा एक जुना दूरध्वनीधारक