मेजर आबा, तुमच्या ओसरीवरची मुलाखत कामी आली

आदरणीय मेजर आबा,
साष्टांग नमस्कार.

अपशिंगे गाव ज्या जिल्ह्यात 'मिलिटरी' लावूनच ओळखलं जातं, तिथं प्रत्येक रिटायर फौजी मेजरच असतो. तुम्ही आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होता, हे मला यंदा कळलं.

नीट या मेडिकल प्रवेश परीक्षेच्या निकालानंतर साताऱ्यात जो तो कटऑफ आणि राउंडचंच बोलत होता. मुलाखतीचं विचारायचं कुणाला? आपल्याकडं एमबीबीएसला मुलाखत नसतेच. पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे फौजेच्या मेडिकल कॉलेजचं, वेगळं. नीटच्या मार्कांवर नुसतं बोलावणं येतं. मग अर्ध्या तासात ४० प्रश्नांचा इंग्रजी आणि तर्काचा पेपर, मानसशास्त्रीय चाचणी, ५० मार्कांची मुलाखत, मेडिकल तपासणी. देशभरातून मुली येतात आणि त्यांच्यासाठी जागा ३०.

म्हणून मुलाखतीच्या तयारीसाठी तुमच्या ओसरीवर आले. पहिल्या संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "डॉक्टर का व्हायचंय?" मी पाठ केलेलं देशसेवेचं उत्तर म्हटलं. तुम्ही ते पुरतं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "आजारी माणसाला शेवटचा हात कधी लावलास?"

मला आजीचा पाय आठवला. दोन महिने तिच्या तळव्याचं ड्रेसिंग मीच करत होते. "मग हे सांग की, पोरी!" तुम्ही असं म्हणालात आणि त्यानंतरचे आठ दिवस आपण त्या एका जखमेवरच बोललो. सलाईननं का धुवायची? पू कमी झाला हे कशावरून ओळखलंस? काटा रुतलेला आजीला कळला कसा नाही? सगळं इंग्रजीत. मी मधेच मराठीत घसरले की पुन्हा दारातून "मे आय कम इन, सर?" म्हणत यायचं. तीन वेळा मी रडले. तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलंत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलंत.

पुण्यात त्यांनी विचारलं, जखम भरायला इतका वेळ का लागला? साखर, पायाकडं कमी पोचणारं रक्त, बधिर झालेला तळवा, मी एकेक सांगत गेले. समोर गणवेशातली मोठी माणसं होती, पण मला तुमची ओसरीच दिसत होती.

कानात मळ असला तर मेडिकलला अडवतात, आधीच डॉक्टरांकडून कान साफ करून घे, हेही तुम्हीच बजावलंत. शिकून झाल्यावर किमान सात वर्षं फौजेत नोकरी करावी लागते, हे ऐकून आई गप्प झाली होती. तिच्याशी तुम्ही काय बोललात ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच माझी बॅग काढली.

आबा, माझं नाव लागलं. या शिकवणीचे पैसे तुम्ही घेणार नाही, म्हणून हे चार लोकांसमोर लिहिते आहे.

आजीचा निरोप आहे: पाय बरा आहे, आणि चपलेशिवाय आता रानात जात नाही, मेजरला सांग.

तुमची,
वरच्या आळीतली पोर