राउटर चपलांच्या कपाटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत राउटरवर चिकटवायच्या ‘रेडिएशनरोधक’ चकत्यांची जाहिरात छापून आली आणि दुसऱ्या दिवशी ती आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागली. ज्यांनी चकती मागवली नाही, त्यांनी राउटर चपलांच्या कपाटात नेऊन ठेवला. आता तीच मंडळी नेट चालत नाही म्हणून कंपनीला फोन लावत बसली आहेत. माझी सारी नोकरी दूरसंचार खात्यात गेली, म्हणून हे लिहितो.

घरगुती राउटरची प्रक्षेपणशक्ती साधारण १०० मिलिवॅट असते. एक मीटरवर ती पसरून दर चौरस मीटरला जेमतेम ८ मिलिवॅट उरते. राउटरच्या या रेडिओ लहरींसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे दर चौरस मीटरला १० वॅट. मोबाइल टॉवरसाठी आपल्या सरकारने २०१२ पासून ती एक दशांशावर, म्हणजे एका वॅटवर आणली. त्या कडक मापानेही राउटर शंभरपटीहून खाली आहे. अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाई होते. तरीही धास्ती वाटत असेल त्यांनी उशाजवळचा राउटर हॉलमध्ये न्यावा. त्याला पैसे पडत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात टाकले, हे खरे. पण त्यामागचा विचार मुख्यतः कानाला लावलेल्या मोबाइलचा होता. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. काळजीच करायची तर रेंज नसलेल्या जागी तासन् तास कानाला चिकटलेल्या फोनची करा. टॉवर दूर असला की फोन जोर वाढवतो.

चकतीचे गणित तर सरळ आहे. तिने लहरी खरोखर अडवल्या तर वायफाय बंद पडेल. वायफाय नीट चालत असेल तर तिने काहीच अडवलेले नाही. शिवाय सिग्नल क्षीण झाला की वेग उतरतो आणि तीच फाइल पाठवायला उपकरणे जास्त वेळ प्रक्षेपण करत राहतात. नेदरलँड्समध्ये डिसेंबर २०२१ मध्ये अणुसुरक्षा खात्याने ‘५जी’पासून वाचवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या दहा वस्तू तपासल्या, त्या स्वतःच किरणोत्सारी निघाल्या! त्यांत लहान मुलांचे कडेही होते.

वेगाचे म्हणाल तर बहुतेक घरांत दोष जागेचा असतो. वायर वाचवायला राउटर दाराशीच ठोकतात; मध्ये लोखंडी कपाट, आरसा, काँक्रीटची भिंत. तो घराच्या मध्यावर, उंच आणि उघडा ठेवावा. राउटर बहुधा दोन लहरीपट्ट्यांवर चालतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ चा पट्टा वेगवान, पण भिंतींपुढे लवकर हरतो. लांबच्या खोलीत २.४ बरा, जरी तिथे शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी असते. कंपनीशी भांडण्याआधी लॅपटॉप थेट वायरने जोडून वेग मोजावा. आणि एमबीपीएस म्हणजे सेकंदाला मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट; म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १०० नव्हे, फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात, एवढे ध्यानात ठेवावे.

जाहिरातींवर वृत्तपत्र चालते, हे मान्य. निदान प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल मागितल्याशिवाय अशा चकत्यांची जाहिरात घेऊ नये, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त दूरसंचार कर्मचारी, मिरज